चामड्याखाली बादल

मी नगारा बोलतोय, आणि या वेळी मला कुणी मारलेलं नाही.

हे आधीच सांगतो, कारण नगारा मार खाल्ल्याशिवाय बोलत नाही असं तुम्हाला ठाऊक आहे. खरंच आहे ते. माझा जन्म मारण्यातून झाला, माझी भाषाही मारण्याचीच, आणि ज्या माणसासाठी मी आज तोंड उघडलंय, त्यालाही मारूनच माझ्यात कोंबलं.

मानोऱ्याच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याशी आमचा तांडा आहे. पत्र्याची घरं, एक हातपंप, आणि मधोमध सेवालाल महाराजांचं छोटं देऊळ. वर पांढरा झेंडा. तांड्यातली माणसं आपसात गोरमाटी बोलतात. तुम्हाला कळावं म्हणून मी त्यांचं बोलणं वऱ्हाडीत सांगतो, तीही त्यांना तेवढीच येते.

माझे दोन भाग आहेत. पोट तांब्याचं, फार जुनं. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून लोक मुलूखभर हिंडायचे, त्या काळातलं. त्या तांड्याच्या काफिल्याला लदेणी म्हणत. पण तांब्याला काही आठवत नाही. आठवतं ते चामड्याला. चामडं विरलं की जुनं काढून नवं चढवतात, आणि नगारा मागचं सगळं विसरून नव्यानं जन्मतो. म्हणून मी सांगतोय ते या एका चामड्याचं आयुष्य.

हे चामडं भुऱ्याचं. भुऱ्या म्हणजे रीतानं वाढवलेला बोकड. रीता ही आमच्या नायकाची, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाची, भाऊसिंग राठोडची मुलगी. तेव्हा ती नववीत होती. शाळेतून आली की दप्तर फेकायची आणि भुऱ्यापुढे बाभळीच्या शेंगा ओतायची. तिच्या तळहाताची चव मला अजून आठवते.

भाऊसिंगनं तो बोकड देवीला बोलला होता. सकाळी ओढून नेताना रीतानं भुऱ्याच्या मानेला मिठी मारली. बापानं तिला लाथेनं बाजूला केलं.

"देवीचा हाय तो. रडशील तं तुलेई देईन!"

सुरी बोथट होती. एका घावात मान तुटली नाही. रीताच्या शाळेच्या पांढऱ्या ओढणीवर रक्ताचा फवारा उडाला, आणि तांड्यातले सगळे वडीलधारे हसले की पोरगी घाबरली. ती घाबरलेली नव्हती. संध्याकाळी तिच्यापुढे ताट आलं तेव्हा तिनं ते उलटं केलं.

"देवीनं कवा मांगतला हा बोकड? तुमालेच रस्सा पाह्यजे होता."

तिला तिथंच दोन बसल्या. त्या दिवसापासून तिनं मटण सोडलं आणि महाराजांच्या देवळाची झाडलोट, दिवा, भोग, सगळं हाती घेतलं. सेवालाल महाराजांना गोडच लागतं. निखाऱ्यावर गुळाचा चुरमा ठेवायचा, वर तूप सोडायचं. जाळ आपोआप उठला तर देवाचा होकार. नाही उठला तर नकार. याला भोग म्हणतात, आणि आमच्या तांड्यात भोगाशिवाय पान हलत नाही.

माझं चामडं फुलचंद पवारनं कमावलं. चुन्यात घातलं, केस खरवडले, भिजवून तांब्यावर ताणलं आणि चामड्याच्या वाद्यांनी, म्हणजे पट्ट्यांनी, आवळलं. पहिला ठोका त्याच्या मुलानं मारला. तो बादल. मानोऱ्याला कॉलेजात जायचा. त्याची एक खोड होती. तिसरा ठोका तो किंचित मागे ओढायचा, जणू मारू की नको असा विचार करतोय. फुलचंद चिडायचा. "ताल चुकून राह्यला." "चुकत नाई बापू, मी थांबतो तठी," बादल म्हणायचा.

ऊसतोडीच्या दोन हंगामांनी फुलचंद उसाच्या ट्रकखाली गेला. टोळीचा मुकादम भाऊसिंगच होता. थकलेल्या माणसाला त्यानंच वर चढून मोळ्या बांधायला लावलं होतं. प्रेत ताडपत्रीत गुंडाळून आलं. तांड्याची बैठक बसली. भाऊसिंग म्हणाला, "त्याचंच चुकलं." आणि सगळ्या पागोट्यांनी माना डोलावल्या. म्हाताऱ्या माणसांना मान डोलवायला कारण लागत नाही. समोर बसलेल्याचा आवाज मोठा असला की पुरतं.

त्या दिवशी बादलनं मला बडवलं. टिपऱ्या मोडल्या तेव्हा मुठींनी, मुठी फुटल्या तेव्हा कोपरांनी. मग तो पुण्याला निघून गेला.

तिथे त्यानं 'लदेणी' नावाचा बँड काढला. काळे कपडे, मानेवर रुळणारे केस, गिटार, आणि गोरमाटी-मराठी गाणी ओरडून म्हणणारा आवाज. दोन वर्षांत त्याचं तोंड सगळ्यांच्या मोबाइलवर आलं. फोटोत तो कधीच हसत नसे. तांड्यातल्या बाया म्हणत, "रुपाबाई, तुह्या पोराचं पोट दुखते का गं?" रुपाबाई, त्याची आई, पदराआड हसायची.  रीताच्या हातून दिव्यात तेल जास्त पडायचं.

हिवाळा सरताना एका दुपारी तो देवळाच्या दारात उभा राहिला. रीता समई घासत होती. वर न बघता म्हणाली, "चपला बाह्यर. भूत आलं का मानूस?"

"मीच हाय."

"मंग काळे कपडे घालून कायले हिंडतं? कावळे भेतात इथले."

तो हसला नाही. माझ्याकडे बोट करून म्हणाला, "हा पाह्यजे मले. होळीच्या आधी वाशिमले कार्यक्रम हाय. बापाच्या हातचा नगारा वाजल्याबिगर माह्यं गानं पुरं होत नाई."

"मले कायले मांगतं? देवाले मांग."

"तुह्या देवाशी माह्यं बोलनं नाई."

"मंग मी बोलते." तिनं निखारे पुढे ओढले, फुंकले, चुरमा ठेवला, वाट पाहिली, आणि मग तुपाची धार सोडली. जाळ भसकन उठला. "घे. हो म्हनाले."

"तूप टाकल्यावर जाळ होनारच, रीता."

"अस्सं? मंग तू टाक."

त्यानं वाटी उपडी केली. निखारा चर्र करून विझला आणि धूर थेट त्याच्या नाकात गेला. तो खोकत बाहेर पळाला, आणि रीता समई हातातच धरून इतकी हसली की तिला बसावं लागलं. "घाई केली तं निखारा इझते, रॉकस्टार. आधी त्याले लाल होऊ द्या लागते."

त्यानंतर तो सारखा यायला लागला. देवाला शिव्या द्यायला यायचा असं तो म्हणे. ती ऐकून घ्यायची आणि फुलं बदलायची. एकदा त्यानं विचारलं, "रोज काय मांगतं त्याच्यापाशी?"

"तुले."

"माह्यासाठी नको मांगत जाऊ कोनाकडं काही."

"तुह्यासाठी नाई मांगत. माह्यासाठी तुले मांगते."

त्या दिवशी तो पहिल्यांदा हसला. ते हसू कुठल्याच मोबाइलवर नाही. मी पाहिलं आणि देवानं पाहिलं.

वाशिमच्या मैदानात मला मंचावर ठेवलं तेव्हा समोर नुसती डोकी होती. बादलनं बापाच्या मरणाचं गाणं म्हटलं. त्याचं ध्रुवपद एवढंच होतं, 'त्याचंच चुकलं, त्याचंच चुकलं.' हजारो पोरं ते शब्द दातओठ खाऊन ओरडत होती. शेवटी त्यानं टिपऱ्या खाली ठेवल्या आणि माइक ओढला.

"ज्या पोरीनं देवाले इचारून मले हा नगारा देला, तिच्याशी मी लगन करनार हाय. रीता भाऊसिंग राठोड. आयकून घ्या!"

मी तांड्यात परतायच्या आधी तो व्हिडिओ तांड्यात पोचला. दोघांचं गोत वेगळं, जात एक, आडकाठी काहीच नव्हती. आडकाठी एकच होती. नायकाला विचारलं नव्हतं. भाऊसिंगनं चष्मा लावून तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. मोबाइल दगडावर आपटला. मग कंबरेचा पट्टा काढला. रीता त्या संध्याकाळी एका डोळ्यानं दिवा लावायला आली, दुसरा सुजून मिटला होता. तिनं देवाला काही सांगितलं नाही. त्याला दिसतच होतं.

आमच्या तांड्याची होळी पहाटे पेटते. सगळे होळीपुढे जमतात, बाया फेर धरतात, लेंगी म्हणजे होळीची गाणी गातात. त्या पहाटे गारठा होता आणि गारठ्यात चामडं ढिलं पडतं. मला शेकावं लागतं. बादलनं देवळामागे तुराट्यांचा जाळ केला आणि मला मांडीशी घेऊन शेकू लागला. फटफटत होतं. होळीकडून गाणं ऐकू येत होतं.

भाऊसिंग आला, त्याच्या मागे त्याचा धाकटा भाऊ सोमला. सोमलाच्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता.

"नगारा ठेव खाली."

"शेकून राह्यलो, काका. वाजवाचा हाय."

"कोनाले इचारून?"

"देवाले," बादल म्हणाला.

सोमलानं मागून दांडा घातला. बादल माझ्यावर पालथा पडला. तो उठायच्या आत भाऊसिंगनं त्याचे केस मुठीत धरले आणि त्याचं डोकं माझ्या तांब्याच्या काठावर आपटलं. उचललं, आपटलं. उचललं, आपटलं. दर वेळी मी बोललो, कारण मला दुसरं काही येत नाही. होळीपुढच्या बायांना वाटलं, नगारा तापला. त्यांनी त्या ठोक्यांवर टाळ्या धरल्या आणि फेर जोरात फिरू लागला.

हाड फुटल्याचा आवाज वेगळा असतो. तो मीच ऐकला.

त्यांनी त्याला त्याच्याच मोटारसायकलवर आडवं टाकून नेलं आणि रस्त्यावरच्या पुलाखाली फेकलं, वरून गाडी ढकलून दिली. परत येऊन भाऊसिंगनं मला धोतराच्या सोग्यानं पुसलं. पण रक्त वाद्यांच्या भोकांतून चामड्याखाली शिरलं होतं.

"भाऊ, चामडंच काढून जाळून टाकू," सोमला म्हणाला.

भाऊसिंगनं देवळाकडे पाहिलं. "भोगाबिगर? तांडा जमल्याबिगर? महाराज खाईन मले. पुढच्या होळीले बदलू, रीतीनं."

एक माणूस मारताना त्याला देव आठवला नाही. चामडं सोडताना आठवला. आमच्या रीतीप्रमाणे नगाऱ्याची वादी होळीच्या तोंडावर, भोग पेटल्यावर, सगळ्यांसमोरच सोडतात. म्हणून त्यानं मला देवळात ठेवून दिलं, खुनाच्या खुणेसकट.

दुपारी बादलचं प्रेत सापडलं. भाऊसिंग म्हणाला, "पिऊन होता." आणि पुन्हा सगळ्या पागोट्यांनी माना डोलावल्या.

तो गेला नव्हता. एका सांजेला रीता दिवा लावून वळली आणि मी वाजलो. एकच ठोका. टिपऱ्या खुंटीला टांगलेल्या होत्या.

"महाराज?" ती हळूच म्हणाली.

मी पुन्हा वाजलो. एक, दोन... आणि तिसरा किंचित मागे ओढलेला. तिच्या हातातली काडी बोटापर्यंत जळत आली तरी तिनं सोडली नाही. मग ती गुडघ्यांवर बसली आणि माझ्या चामड्याला कान लावला.

"कोन हाय?"

"काळे कपडे," आतून तो म्हणाला.

ती रडली नाही. आधी रागावली. "मेला ना तू? मंग जा ना! देवाच्या घरात कायले शिरला?"

"मले इथंच मारलं, तं इथंच राह्यलो."

रीता भाबडी नाही. भक्ती करणारी बाई भाबडी असते हा लोकांचा समज आहे. तिनं उपास धरला, निखारे लाल होऊ दिले आणि महाराजांना सरळ विचारलं, "हा इथी राह्यला तं पाप हाय का?" जाळ तिच्या भुवयांपर्यंत उठला. त्यानंतर तिनं कुणालाच विचारलं नाही.

दिवाळी झाली, ट्रक आले आणि तांडा ऊसतोडीला गेला. दारांना कुलपं लागली. उरली काही म्हातारी माणसं, रुपाबाई आणि देवळासाठी मागे राहिलेली रीता. ते महिने मी विसरणार नाही. दुपारी ती मला मांडीवर घ्यायची. गारठा असला तर जाळ करायची नाही, दोन्ही तळहातांनी चामडं चोळून ऊब आणायची. मग उजवा गाल टेकवून पडून राहायची. तो आतून गुणगुणायचा आणि तिच्या गालाखाली माझं चामडं थरथरायचं. भुऱ्याला ती जशी कुरवाळायची तशीच मला कुरवाळत होती. मी त्या दोघांच्या मधे होतो आणि मला कधी अडचण वाटली नाही.

"कोनं मारलं तुले?" ती दर आठवड्याला विचारायची.

तो गप्प व्हायचा.

"मेल्यावरई तोंड पाडतं का रे? तठी तरी फोटो कोन काढून राह्यलं तुह्या?"



होळी जवळ आली. ट्रक परतले. भाऊसिंगनं दोन गोष्टी जाहीर केल्या. होळीनंतर रीताचं लग्न तांड्याच्या कारभाऱ्याच्या पोराशी, आणि होळीआधी नगाऱ्याला नवं चामडं. रीतानं वाद्यांना एरंडेल लावायला घेतलं, कारण सुकलेली वादी सोडताना तुटते. बोट एका भोकात अडकलं. नखाखाली काळी खपली निघाली. तिला चिकटलेला एक लांब केस निघाला.

ती बराच वेळ तो केस उजेडात धरून बसली.

"बादल. तू तं पुलाखाली पडला. अन् नगारा देवळात होता."

तिनं चामड्याला कान लावला.

"इथंच मारलं म्हनला होता तू. अन् चामडं बदलाची घाई माह्या बापालेच. त्यानंच?"

"तुहा बाप हाय तो, रीता."

"बाप हाय का नाई ते नाई इचारलं मी. मारलं का?"

"हो."

ती बाहेर गेली.  हातपंपावर हात धुतले, आणि आत येऊन दिवा लावला, कारण दिव्याची वेळ झाली होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पोलीस ठाण्यातल्या शीला नावाच्या हवालदारबाईला फोन केला, फोटो पाठवले. शीलानं फार प्रश्न विचारले नाहीत. "हात लावू नको अन् कोनाले लावू देऊ नको. परवा दुपारच्या आत येतो आमी. पन चामडं कापून तपासाले न्या लागन, ताई."

"कापल्याबिगर नाई होत?"

"रक्त आत मुरलं ना."

रीता माझ्यापाशी येऊन बसली. "बाप कापन तरी तू जाशील. पोलीस कापतील तरी तू जाशील."

"हो."

"मी नेते तुले. जंगलात, देवळात, कुठीबी. कोनाले सापडनार नाई. जलमभर ठेवीन." ती माझ्या वाद्या अशा गच्च धरून होती की तिच्या नखांच्या खुणा अजून माझ्यावर आहेत. "माह्यं लगन झालं तुह्याशी समजून राहीन."

मला वाटलं, तो हो म्हणेल. मलाही तेच हवं होतं. चामडं कापलं की मीही संपतो.

"अन् याडी?" तो म्हणाला. याडी म्हणजे आई. "पान्यावर गेली तं लोक तिले बेवड्याची माय म्हनते. तू ठेवशील मले. तिले काय उरते?"

रीतानं माझ्यावर डोकं ठेवलं. मान डोलावली नाही, आमच्या तांड्यात ते फार सोपं असतं. म्हणाली, "बरं. मंग बोलून जाय."

भाऊसिंगला सुगावा लागला की नुसती घाई झाली, कोण जाणे. चामडं बदलायच्या ठरल्या दिवसाच्या एक दिवस आधीच, सकाळीच त्यानं तांडा जमवला. मला देवळाच्या ओट्यावर ठेवलं. शेजारी भिजवलेलं नवं चामडं पाण्यात फुगून पडलं होतं. रीता धावत आली तोवर त्यानं निखारे मांडले होते.

"बापू, नगाऱ्याले हात नका लावू. पोलीस येऊन राह्यले."

"पोट्टी भुताच्या नादी लागली," भाऊसिंग लोकांना म्हणाला. "आज भोग देतो, चामडं काढतो, भूतई निंगून जाते." त्यानं अरदास, म्हणजे देवाची प्रार्थना, म्हटली. ओठ भराभर हलत होते. चुरमा ठेवला आणि लगेच तुपाची वाटी रिती केली.

निखारा चर्र करून विझला.

त्यानं दुसरा निखारा ओढला. पुन्हा घाई, पुन्हा धूर. तिसरा. लोक कुजबुजू लागले. आयुष्यभर ज्याच्या होकारावर तांडा चालवला, तोच देव सगळ्यांसमोर त्याच्याशी बोलेना. त्याच्या कपाळावरून घाम तुपात पडत होता.

"राहू दे तो भोग! मीच कापतो!" सोमलानं सुरी उपसली आणि माझ्या वादीला लावली.

रीतानं माझ्यावर उडी घेतली. सुरी तिच्या मनगटापासून कोपरापर्यंत फाडत गेली. तिचं गरम रक्त माझ्यावर सांडलं. सोमलानं तिचे केस धरून तिला ओढलं, ती सुटेना. त्यानं तिच्या बरगडीत लाथ घातली, ती सुटेना.

तेव्हा मी वाजलो.

टिपरी नाही, हात नाही. एक, दोन, आणि मागे ओढलेला तिसरा. अख्ख्या जिल्ह्याच्या मोबाइलवर तो ठोका होता. तो कुणाचा हे सांगावं लागलं नाही. रुपाबाई गर्दीतून पुढे आली. "माह्या बादलचा हात हाय हा..."

मग ताल बदलला. बादलनं होळीच्या पहाटेचे ठोके काढले. जड, बोथट, एकामागून एक. उचललं, आपटलं. उचललं, आपटलं. बाया आधी गोंधळल्या. मग एकीचे हात आपोआप टाळीसाठी उठले आणि तसेच हवेत थांबले. तिला आठवलं होतं. दुसरीला आठवलं. त्या ठोक्यांवर त्यांनी फेर धरला होता. एक बाई स्वतःच्या तळहातांकडे बघून किंचाळली.

सोमलाच्या हातून सुरी पडली. "मी एकच मारला! आईची आन, एकच! डोस्कं यानं आपटलं! यानं!"

भाऊसिंगनं त्याच्या तोंडावर ठोसा मारला, दात पडला, पण शब्द पडून गेले होते. रुपाबाईनं खुंटीवरची टिपरी घेतली. त्या म्हातारीनं आयुष्यात कधी नगारा वाजवला नव्हता, बायांनी वाजवायचा नसतो असं पागोट्यांनी ठरवलं होतं. तिनं ती टिपरी भाऊसिंगच्या जबड्यावर घातली. मग बाकीच्या बाया तुटून पडल्या. होळीसाठी आणलेली लाकडं त्यांच्या हाती होती. पागोटं धुळीत गेलं. पुरुष उभे होते, कुणी मधे पडलं नाही. माना डोलवायलाही कुणी उरलं नव्हतं.

"बस!" रीता ओरडली. ओढणीनं हात बांधत ती बापासमोर उभी राहिली. त्याचा एक डोळा सुजून मिटला होता. "जीव नका घेऊ याचा. मले हा जिता पाह्यजे. कोर्टात."

"रीता, मी बाप हाय तुहा..."

"म्हनून तं जिता ठेवून राह्यली."

मग ती विझलेल्या निखाऱ्यांपाशी बसली. एकाच हातानं राख बाजूला केली, आत उरलेली ठिणगी शोधली, फुंकली. सगळा तांडा बघत होता. तिनं अजिबात घाई केली नाही. निखारा लाल झाला तेव्हा चुरमा ठेवला, तूप सोडलं, आणि माझ्याकडे बघून एवढंच विचारलं, "नेऊ देऊ का याले?"

जाळ उठला. तिला तो होकार नको होता, हे फक्त मला ठाऊक आहे.

कुणीतरी फोन केला होता. पोलिसांची जीप दुपारआधीच आली.

आता मी ठाण्याच्या कोठारात आहे. माझ्या एका बाजूला पकडलेल्या दारूचे कॅन, दुसऱ्या बाजूला चाक वाकलेल्या मोटारसायकली. माझ्या गळ्यात चिठ्ठी आहे, लाखेचा शिक्का आहे. भाऊसिंग आणि सोमला तुरुंगात आहेत आणि एकमेकांवर ढकलतायत. पाणवठ्यावर आता रुपाबाईला बाया आधी घागर भरू देतात. उद्या मला तपासणीला नेणार आणि चामडं कापणार.

जो कापेल त्याला माझी विनंती आहे. रक्त डाव्या काठाला आहे, तिथून काप. उजवीकडे एक गालाएवढी जागा आहे, ती जरा चकचकीत झालीय. तिथे पुरावा नाही. तेवढा तुकडा जमलं तर रीताला दे.

तांड्याला सांगायचंय ते एवढंच. माझ्यावर पुन्हा चामडं चढवाल तेव्हा त्यासाठी कुणाच्या हातातला बोकड हिसकू नका. आपल्या मौतीनं मेलेल्या जनावराचं चालतं मला. आणि पहिला ठोका रुपाबाईला मारू द्या. तिचा हात बसलाय आता. त्या नव्या नगाऱ्याला यातलं काही आठवणार नाही, म्हणून तुम्ही आठवत जा.

आज दुपारी रीता आली. हातावर टाके होते, डब्यात चुरमा होता. कोठारात जाता येत नाही म्हणून ती बाहेरच्या बाकावर बसली. भिंतीच्या या बाजूला मी, त्या बाजूला ती. तिनं बाकाच्या फळीवर दोन बोटं आपटली. एक, दोन. आणि तिसऱ्याला थांबली.

आतून बादलनं तो तिसरा ठोका दिला.

शीलानं चहाचा कप खाली ठेवला. "काय वाजलं वो, ताई?"

"काई नाई," रीता म्हणाली, आणि डबा तिच्यापुढे केला. "घ्या. प्रसाद हाय."